दुपारचा हात

प्रिय बाईसाहेब,

हा शब्द वाचूनच तू सावध झाली असशील. एकतीस वर्षांत मी तुला बाईसाहेब म्हटलं ते फक्त काहीतरी मोडून ठेवल्यावर. आधी तुझा आरसा, मग शेजाऱ्यांची सायकल, मग ते कपडे धुवायचं मशीन, जे मी ‘जरा आवाज येतोय’ म्हणून उघडलं आणि ज्याने त्यानंतर कसलाच आवाज केला नाही. या वेळी मोडलंय ते यंत्र नाही. म्हणून फोनवर न सांगता लिहितोय. फोनवर मी विनोद करतो आणि निसटतो, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

आधी सोपी गोष्ट सांगतो. दातांच्या लॅबच्या मालकांना द्यायला तू जे पाकीट माझ्याकडे दिलं होतंस ते मी दिलेलं नाही. रविवारी तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, मालक भेटले नाहीत. मालक रोज सकाळी आपल्या दारावरून फिरायला जातात आणि रोज मला विचारतात, ‘काय म्हणतोय आमचा उजवा हात?’ पाकीट माझ्या वर्कशॉपच्या खणात आहे, पान्यांच्या खाली. तू ते चिकटवलं नव्हतंस, म्हणून वाचलं. डाव्या हाताने काढलेली ती मोठीमोठी अक्षरं, ‘माझ्या हाताची आणखी वाट पाहू नये, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी.’ मालकांनी महिनाअखेरपर्यंत खुर्ची ठेवायचं कबूल केलंय. अजून नऊ दिवस आहेत. हे पत्र वाचून झाल्यावरही ते पाकीट द्यायचं असेल तर तसं सांग, मी त्याच दिवशी देईन. पण आधी वाच.

तुझा हात काय होता हे मला कुणी सांगायला नको. खिडकीजवळची ती खुर्ची, वाकवता येणारा दिवा, डाव्या हातात मेणाचा साचा आणि उजव्या हातात बारीक कोरणी. तू कवळ्या करायचीस, पण एका रांगेत दात बसवले आणि मोकळी झालीस असं कधी झालं नाही. म्हणायचीस, सगळे दात सरळ लावले की माणूस खोटा दिसतो. म्हणून एखादा दात केसभर वाकडा ठेवायचीस, आणि तो कुठला ठेवायचा ते त्या माणसाचा जुना फोटो बघून ठरवायचीस. रस्त्यात कुणी म्हातारा हसला की मला कोपराने ढोसायचीस आणि हळूच म्हणायचीस, ‘वरची माझी. खालची नाही.’ मी लोकांना सांगत फिरायचो की या भागातले निम्मे आजी-आजोबा माझ्या बायकोचं हसू हसतात. मी मोटरी आणि पंप दुरुस्त करणारा माणूस. पत्र्याच्या शेडमध्ये एका जळक्या मोटरीपासून सुरुवात केली, कुणी शिकवलं नाही, कानाने शिकलो. पण माझं काम झाल्यावर लोक बटण दाबतात आणि विसरतात. तुझं काम लोक तोंडात घेऊन फिरतात. मला त्याचा किती अभिमान होता हे मी तुला नीट कधी सांगितलं नाही, तेही आजच लिहून टाकतो.

मग तो झटका. चौदा महिने झाले. तोंड वाकडं झालं होतं ते पंधरा दिवसांत सरळ झालं, पाय आधी काठीवर आला आणि मग काठीही सुटली. बोलणं तर एक दिवस थांबलं नाही. अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या असताना तू नर्सला सांगितलंस की तिच्या वरच्या दातांतली फट बुजवता येईल. राहिला तो फक्त उजवा हात. खांद्यापासून हलायचा, कोपरातून थोडा वळायचा, आणि बोटं अशी मिटलेली, जणू त्यांनी काहीतरी धरून ठेवलंय आणि द्यायचं नाहीये.

सात महिन्यांनी पुनर्वसन केंद्रातल्या त्या संशोधक बाई आल्या. गळ्यात कायम स्टॉपवॉच, म्हणून तू त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलंस. त्यांनी समजावलेलं मला अजून पाठ आहे. चांगला हात मोकळा असला की माणूस सगळं त्याच्यावरच भागवतो आणि आजारी हात शिकायचंच सोडून देतो. मेंदूतला एक रस्ता तुटला तरी शेजारून पायवाट पडू शकते, पण कुणी चाललं तरच. म्हणून चांगल्या हाताला जाड हातमोजा चढवायचा, दिवसभर, तीन आठवडे. सगळी कामं आजारी हाताने करायची. घरी खरंच किती वापर होतो हे कळायला दोन्ही मनगटांवर घड्याळासारखे पट्टे, ते हाताची हालचाल मोजणार. अंघोळीला आणि झोपताना काढायचे, बाकी वेळ हातावरच. असे बरेच पेशंट त्या तपासत होत्या, त्या अभ्यासात तुझा नंबर सतरा. घरच्या माणसाने फक्त एक करायचं होतं. मदत करायची नाही. घड्याळबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘काका, सगळ्यात अवघड काम तुमचं आहे.’ मी हसलो. म्हटलं, काही न करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पहिल्या दिवशी सकाळी तू हातमोजा घालून मुक्केबाजासारखी उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘या, कोण येतंय पुढे.’ आपण दोघं हसलो. तो शेवटचा हसण्याचा दिवस.

तुला माझे कान माहीत आहेत. भिंतीपलीकडे पंखा फिरला तर त्याचं बेअरिंग किती दिवस टिकेल ते मी सांगतो. पण चाळीस यंत्रांच्या गोंगाटात डुलकी काढणाऱ्या मला तुझ्या त्या चिमट्यांचा आवाज सहन होईना. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, ताटलीच्या कडेला एक एक लावायचे, असा सराव होता. चिमटा सरकायचा, टक्. पडायचा, टक्. मग तुझा श्वास, मग पुन्हा टक्. आणि त्यानंतरची शांतता, जिच्यात तू रडतेस की नाही हे फक्त मलाच कळायचं. मी पहिल्या दिवशी पाच वेळा उठलो आणि पाच वेळा बसलो. दुसऱ्या दिवशी आत आलो आणि ‘जरा हा चिमटाच कडक आहे’ म्हणून तो लावून दिला. तिसऱ्या दिवशी तुझ्या ब्लाऊजची बटणं लावली, वेणी घातली, भाजी चिरून ठेवली, भांडी तू उठायच्या आत घासून टाकली. तू म्हणालीस, ‘अहो, त्या बाई रागावतील.’ मी म्हणालो, ‘त्यांना कोण सांगतंय?’ आणि केंद्राने रोजचा सराव लिहायला दिलेल्या वहीत सगळं तुझ्या नावावर लिहिलं.

आठवड्याने पट्टे वाचले गेले. उजव्या हाताचा आकडा अगदी तळाला. घड्याळबाई कागदावरच्या एका आडव्या रेषेवर पेन ठेवून म्हणाल्या, ‘पुढच्या आठवड्यातही रेषेखाली राहिला तर घरचा सराव असाच चालू ठेवता येणार नाही.’ तू खाली मान घालून बसलीस. मला एवढंच ऐकू आलं की तुला काढून टाकणार. मी आयुष्यभर ज्या ज्या दारात उभा राहिलो तिथे कमी आकडा म्हणजे बाहेर, एवढंच शिकलो होतो. मी त्यांना विचारलंही नाही की असाच नाही तर मग कसा.

आता ऐक, बाईसाहेब. तू दुपारी जेवून दोन तास झोपायचीस. पट्टे काढून उशाशी ठेवायचीस. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दुपारी मी तुझा उजवा पट्टा उचलला, माझ्या मनगटावर बांधला आणि वर्कशॉपमध्ये जाऊन एक मोटर भरायला घेतली. मोटर भरणं म्हणजे काय ते तू पाहिलंयस. तांब्याची तार हाताने फिरवत राहायचं, शेकडो वेढे, एकही चुकवायचा नाही. दोन तासांत माझ्या हाताने जेवढी हालचाल केली तेवढी तुझ्या हाताने आठवडाभरात केली नसेल. तू उठायच्या आत पट्टा पुसून जागेवर. वास येऊ नये म्हणून साबणाने. दोन आठवडे रोज. रविवारीसुद्धा.

तेव्हा मी याला चोरी म्हणत नव्हतो. मला वाटायचं, मी तुझ्यासाठी वेळ विकत घेतोय.

आकडा रेषेच्या वर उडाला. घड्याळबाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाल्या, ‘आणि सगळ्यात जास्त दुपारी. दुपारी काय करता हो तुम्ही?’ तू माझ्याकडे पाहिलंस. मी तू तोंड उघडायच्या आत म्हणालो, ‘दुपारी मी घरात नसतो ना, म्हणून काम होतं.’ त्या हसल्या. शेजारचा पेशंटही हसला. माझे विनोद असेच आहेत, दार उघडायच्या आत कडी लावतात.

पण बसस्टॉपवर तू मला विचारलंस. हातमोजा मांडीवर ठेवून, अगदी हळू. ‘अहो, दुपारी मी झोपते ना?’ तेव्हा सांगायला हवं होतं. बस यायला वेळ होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, तू रागावली असतीस, दोन दिवस बोलली नसतीस, आणि संपलं असतं. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. मी म्हणालो, ‘तू झोपलीस की मी पट्टा परत बांधून बघतो, झोपेत हलतो तुझा हात. मी पाहिलंय.’

बाकी सगळ्याची शिक्षा सोसेन. या दोन वाक्यांची कशी सोसायची ते कळत नाही. कारण तू ते खरं मानलंस. त्या दिवसापासून तू हाताकडे बघायचीस ती नजर बदलली. आधी त्याच्यावर चिडायचीस, त्याला आळशी म्हणायचीस, गाढवा म्हणायचीस, म्हणजे आपलं माणूस असल्यासारखं. नंतर तू त्याला भ्यायला लागलीस. एकदा तुझ्या ताईला फोनवर सांगत होतीस ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं, ‘झोपेत कुणाचं तरी ऐकतो तो, जागेपणी माझं ऐकत नाही. तो माझा राहिलेलाच नाही.’ दुपारी झोपताना तू तो हात उशीखाली दाबून झोपायला लागलीस. मी ते पाहिलं, आणि तरी पट्टा उचलला, कारण अजून चार दिवस बाकी होते.

तीन आठवडे संपले. चाचणी झाली, ठोकळे, बरणीचं झाकण, किल्ली. हात होता तिथेच. आणि तिथे माझ्या हुशारीने तुझा गळा धरला. हात कमी वापरला म्हणून सुधारला नाही, असं कागदावर आलं असतं तर पुढे वाट होती. पण कागद म्हणाला, नंबर सतराने हात भरपूर वापरला, सगळ्यांपेक्षा जास्त, आणि तरी बोटांत काही आलं नाही. म्हणजे हाताची मर्यादा आली. डॉक्टरांनी अहवाल वाचून चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, आता आहे त्याच्याशी जुळवून घ्या. तू ‘बरं’ म्हणालीस. तू आयुष्यात इतक्या पटकन कुणाला बरं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. घरी येऊन कोरण्यांचा डबा माळ्यावर टाकलास. सहा महिने तो हात खिशात घालून राहिलीस. मग ते पाकीट लिहिलंस आणि ताईकडे निघून गेलीस, ‘थोडे दिवस बरं वाटेल’ म्हणून.

काल सोमवारी मी केंद्रात गेलो. कालच का गेलो, ते शेवटी सांगतो. घड्याळबाई ठोकळे पुसून खोक्यात भरत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चिमटे, वही, पट्टा, साबण, बसस्टॉप. मध्ये कुठे विनोद आला नाही, येत होता तो गिळला. त्यांचा हात थांबला तो थांबलाच. मी शिव्या खायला तयार होऊन गेलो होतो, मला शिव्या ऐकायची सवय आहे, त्याने हलकं वाटतं. त्यांनी तेवढंही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘काका, ती रेषा काढून टाकण्यासाठी नव्हती. आकडा रेषेखाली राहिला असता तर मी तुमच्या घरी आले असते. रोज. तीन आठवडे. त्यासाठीच रेषा होती.’

चांगले दोन तास मोटर भरायचो रोज, आणि त्या प्रत्येक वेढ्याने त्यांना आपल्या दारापासून लांब ढकलत होतो.

त्यांचंही मी नुकसान केलंय. नंबर सतराचं उदाहरण त्यांनी कुठल्याशा मोठ्या बैठकीत मांडलं होतं, ‘वापर वाढला तरी कौशल्य वाढेलच असं नाही’ म्हणून. आता वरच्या समितीला लेखी कळवून ते मागे घ्यावं लागेल, बाकीचे आकडेही पुन्हा तपासावे लागतील. म्हणजे माझ्या साबणाच्या पाण्यात कुठल्या तरी अनोळखी बाईचा हातही वाहून गेला असता. मी कबुली लिहून दिली, सही केली. तुझ्याबद्दल विचारलं. त्या खोटं बोलत नाहीत हे मला कळलं, कारण त्यांनी आशा दाखवली नाही. म्हणाल्या, इतका वेळ गेलाय, पूर्वीसारखा होईल असं वचन देता येणार नाही. पण त्या अहवालात जो हात आहे तो काकूंचा नाहीच, तुमचा आहे. त्यांचा हात अजून कुणी मोजलेलाच नाही. पुढच्या महिन्यात नव्याने सराव सुरू होतोय, अभ्यासाबाहेर, त्या स्वतः घ्यायला तयार आहेत. एक अट घातली. घरचा माणूस म्हणून मी चालणार नाही. मी म्हटलं, यात मी तुमच्याशी सहमत आहे.

आता सोमवारी का गेलो ते. रविवारी तू फोन केलास. पाकिटाचं विचारलंस, मी खोटं बोललो, मग तू ताईच्या तक्रारी सुरू केल्यास. की ती दिवसभर सोफ्यावर पाय वर करून बसते, एवढं आजारपण झालेल्या बहिणीला साधा कप उचलून देत नाही, उलट म्हणते, ‘मला पण टाक गं थोडा चहा.’ मी हुं हुं करत होतो आणि मागे काहीतरी ऐकू येत होतं. कपात चमचा. गेलं वर्षभर तू डाव्या हाताने साखर ढवळतेस, तो आवाज मला ओळखू येतो, गोल आणि एकसारखा. हा तसा नव्हता. दोनदा काठाला लागायचा, थांबायचा, घसरायचा, मग अर्धा फेरा, पुन्हा काठ. बेअरिंग नवीन बसवल्यावर मोटर पहिल्यांदा फिरते तशी, अडखळत, पण फिरतेय. मला वाटलं ताई ढवळतेय. तेवढ्यात ताई लांबून, बाहेरच्या खोलीतून ओरडली, ‘साखर कमी घाल.’ मी विचारलं, कसला आवाज येतोय? तू म्हणालीस, ‘कुठला? काही नाही.’ तुला ठाऊकच नव्हतं. तू ताईच्या तक्रारीत रंगली होतीस. तू फोन कधी स्पीकरवर ठेवत नाहीस, ताई ऐकते म्हणून, आणि खांद्यात धरलास की तुझा आवाज दबतो, तो दबलेला नव्हता. म्हणजे फोन डाव्या हातात होता. मग सांग बाईसाहेब, चमचा कुठल्या हातात होता? ज्या घरात तुला कुणी मदत करत नाही तिथे तीन आठवड्यांत त्याने चमचा धरला, आणि ज्या घरात मी होतो तिथे वर्षभर नाही. झोपेत तो कधीच हलला नाही, अगं. एकदाही नाही. तुझ्याशिवाय त्याने कुणाचं ऐकलेलं नाही. सोबत त्या पट्ट्याचं खोकं पाठवतोय, घड्याळबाईंनी त्यातलं माझं सगळं पुसून तो शून्यावर आणून दिलाय, हवा तर बांध, नको असेल तर परत पाठव. मी तुला घ्यायला येत नाही, तू बोलावल्याशिवाय येणार नाही. पाकिटाचं काय करायचं ते सांगायला फोन करशील. माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही, तर बोलू नकोस. फोन टेबलावर ठेव, कप जवळ ओढ आणि ढवळ. मला कळेल.

तुझाच,
फोनजवळ बसलेला